पेशी दाखवायची तर कांद्याचा पापुद्रा की हायड्रिलाचं पान?

घरी किंवा क्लासमध्ये साधा मायक्रोस्कोप आलाय, पोरं आठवी-नववीची आहेत, पेशीअंगकं (पेशीच्या आतले वेगवेगळे भाग) शिकवायचीत, मग लेन्सखाली ठेवायचं काय असं बरेच जण विचारतात. मी सांगलीत विश्रामबागला क्लास घेतो आणि कांदा आणि हायड्रिला (पाण्यात वाढणारी वनस्पती) दोन्ही भरपूर वापरलंय, म्हणून लिहितोय. स्लाइड कशी करायची, आयोडीन किती घालायचं ते तुम्हाला माहीत असेलच.

कांद्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. बारा महिने घरात असतो, पापुद्रा एकाच थराचा त्यामुळं पेशीवर पेशी येऊन घोळ होत नाही, आणि पेशी एवढ्या मोठ्या की दहाच्या लेन्सनंच काम होतं. केंद्रक (न्यूक्लियस) तर कांद्यातच बघावं. आयोडीन लागलं की पिवळसर-तपकिरी गोळा उठून दिसतो, बहुतेक वेळा भिंतीला चिकटलेला, कारण मधली सगळी जागा रिक्तिकेनं (पेशीतली पाण्यासारख्या द्रवानं भरलेली पिशवी) घेतलेली असते. हवेचे बुडबुडे येतात आणि कुणीतरी ‘सर, न्यूक्लियस सापडला’ म्हणून त्याच्याकडंच बोट दाखवतं, पण ते चालायचंच.

मला वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. केंद्रक बघून झालं की कांद्यात पुढं बघायला काहीच नाही. तो जमिनीत राहून अन्न साठवणारा, त्यामुळं आतल्या पापुद्र्यात हरितलवक (पानाला हिरवं करणारा कण) नाही, रिक्तिका पारदर्शक, आणि आयोडीननं पेशी मेलेली त्यामुळं सगळं गप्पगार. मग पोरं दोन मिनिटात कंटाळतात आणि वहीत ‘प्रत्यक्ष निरीक्षण’ म्हणून पुस्तकातली आकृती छापतात, तंतुकणिका (पेशीला ऊर्जा देणारा भाग, मायटोकॉन्ड्रिया) काढतात ती सुद्धा आतल्या घड्यांसकट! अरे बाबा, तंतुकणिकेची जाडी अर्धा ते एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), आपल्या मायक्रोस्कोपची हद्द कितीही चांगली लेन्स लावली तरी ०.२ मायक्रॉनच्या आसपास संपते, म्हणजे नीट रंगवली तर फार तर ठिपका दिसेल. त्या घड्या माणसाला दिसल्या त्याच मुळी १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. रायबोसोम (प्रथिनं बनवणारा कण) तर २०-३० नॅनोमीटरचा, म्हणजे ०.०२-०.०३ मायक्रॉनचा, तोही काही जण ठिपके ठिपके देऊन काढतात. आणि रागवणार तरी कुणाला, मार्क त्याच आकृतीला मिळतात.

हायड्रिला लावल्यापासून हे माझ्याकडं तरी बरंच कमी झालं. पान दोनच थरांचं, तोडून पाण्याच्या थेंबात ठेवलं की झालं, रंगबिंग काही नाही. हरितलवकं साधारण पाच मायक्रॉनची, हिरवी, मोजता येतील अशी. पण खरी मजा चाळीसच्या लेन्सला. पाच-दहा मिनिटं दिव्याच्या उजेडात राहू द्या आणि मधल्या शिरेजवळच्या पेशी बघा, हरितलवकं भिंतीच्या कडेकडेनं रांगेनं फिरायला लागतात, नाद खुळा! मधून कुणी जात नाही, कारण मध्ये रिक्तिका, म्हणजे न दिसणारी रिक्तिका पण तिथं कळून जाते.

हरितलवकांना असं वाहून नेणारं, फिरणारं पेशीद्रव्य (पेशीतला दाटसर द्रव) कोर्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं १७७४ मध्येच पाण्यातल्या वनस्पतींत पाहिलं होतं. ते फिरवतं कोण, तर पेशीत ॲक्टिनचे धागे असतात आणि त्यांच्यावरून मायोसिन हे प्रथिन ओढत नेतं, आपल्या स्नायूत काम करते तीच जोडी. त्याला लागणारं एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) मुख्यतः तंतुकणिकांकडून येतं. म्हणजे जी तंतुकणिका दिसत नाही म्हणून पोरं पुस्तकातून उतरवतात, तिचं काम इथं समोर चालू असतं, आणि हे सांगितलं की मग ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ वगैरे घोकून घ्यावं लागत नाही.

आता हायड्रिलाची पण रडगाणी आहेत. केंद्रक हरितलवकांच्या गर्दीत जवळजवळ सापडतच नाही. दोन थर असल्यानं फोकस जरा हलला की खालच्या पेशी वर येतात आणि पोरं गोंधळतात. सुकलेली काडी असेल तर काहीच हलत नाही आणि वीस पोरं तुमच्याकडं बघत बसतात. शिवाय चाळीसची लेन्स, घाईत कव्हरस्लिप फुटते ती फुटतेच.

तोंडाच्या आतल्या पेशी प्राणीपेशी म्हणून एकदा दाखवा, जास्त अपेक्षा नको. कुंडीतल्या जांभळ्या रोहिओची रिक्तिका रंगीत असते, ती मिठाच्या पाण्यात आकसताना बघायला छान, पण तो विषय वेगळा.

प्रॅक्टिकलला कांदा येणार असेल तर कांदाच पक्का करून घ्या, त्यात वाद नाही. एकच गोष्ट दाखवायला वेळ असेल आणि परीक्षा डोक्यावर नसेल तर मी तरी हायड्रिलाच लावीन, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. कृष्णेच्या घाटावरून आणायच्या भानगडीत पावसाळ्यात पडू नका, पाणी गढूळ असतं, ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो, फक्त नाव सांगून मागा नाहीतर कुठलीही हिरवी काडी हातात देतात. आदल्या दिवशी आणून खिडकीत साध्या पाण्यात ठेवा, आणि पान शेंड्याजवळचं कोवळं घ्या.