मॅनेजर व्हावे की तांत्रिक वाटेवर राहावे: दहा वर्षांच्या अनुभवानंतरच्या निर्णयाचा तुलनात्मक आढावा

सॉफ्टवेअर क्षेत्रात आठ ते बारा वर्षे काम केलेल्या अभियंत्यापुढे एक प्रश्न जवळजवळ हमखास येतो. टीमचा मॅनेजर नोकरी सोडतो किंवा टीमचा आकार वाढतो, आणि वरिष्ठ विचारतात, ‘ही टीम तू सांभाळशील का?’ त्या सुमारास वय साधारण बत्तीस ते छत्तीस असते, मूल पाळणाघरात किंवा बालवाडीत असते, गृहकर्जाचे हप्ते चालू असतात आणि सातारा, नाशिक किंवा सोलापूरला राहणाऱ्या आईवडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या नुकत्याच सुरू झालेल्या असतात. घराला आपली सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच काळात कारकिर्दीचा हा निर्णय घ्यावा लागतो. पुण्यातील कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून हा आढावा लिहिला आहे. बंगळूर किंवा हैदराबादला काम करणाऱ्यांनाही त्यातील बराचसा भाग लागू पडेल.

एक वाट इंजिनिअरिंग मॅनेजर, पुढे सिनियर मॅनेजर आणि डायरेक्टर अशी जाते. दुसरी सिनियर इंजिनिअरवरून स्टाफ, प्रिन्सिपल किंवा आर्किटेक्ट या वरिष्ठ तांत्रिक पदांकडे जाते. या दोहोंची तुलना बहुतेक जण पगार आणि कामाचे तास यांवर करतात, पण चांगल्या कंपन्यांत समान पातळीवर या दोन्ही बाबतींत फार मोठी तफावत नसते. माझ्या मते खरा फरक वेळ कसा तुटतो यात आहे. मॅनेजरचा वेळ रोज थोडा थोडा तुटतो, पण तो कधी तुटणार हे बहुतेकदा आधी ठाऊक असते. तांत्रिक तज्ज्ञाला सलग वेळ मिळतो, पण एखाद्या रात्री तो काही सूचना न देता पुरता मोडतो. पुढची तीन वर्षे आपल्या घराला यांपैकी कोणता खंड झेपणार आहे, यावर हा निर्णय घ्यावा.

आधी दुसरी शिडी खरोखर आहे का ते पाहावे

माणसे न सांभाळताही मोठ्या पदावर जाता यावे, ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६२ मध्ये ‘आयबीएम फेलो’ हे पद निर्माण केले, ते श्रेष्ठ अभियंत्यांना आणि शास्त्रज्ञांना व्यवस्थापनात न ढकलता त्यांच्या संशोधनाला मोकळीक देण्यासाठीच. आज बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दोन्ही शिड्या शेजारी शेजारी दाखवलेल्या असतात. आपण बसतो त्या इमारतीत मात्र दुसरी शिडी किती पायऱ्यांची आहे, हे स्वतःच पाहावे लागते.

ग्राहकांना मनुष्यबळ पुरवून चालणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांत वाढ ही हाताखालच्या माणसांच्या संख्येशी बांधलेली असते. तेथे आर्किटेक्टची पदे असतात, पण मोजकी, आणि त्यांतील बरीचशी विक्रीच्या प्रस्तावांना मदत करण्यात खर्ची पडतात. परदेशी कंपन्यांच्या हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातील केंद्रांचा प्रश्न निराळा आहे. तेथे प्रिन्सिपल इंजिनिअर हे पद असते, पण कोणती प्रणाली बांधायची हे सिॲटलमध्ये किंवा म्युनिकमध्ये ठरत असेल, तर त्या पदावरील माणसाला दुसऱ्याने घेतलेला निर्णय अमलात आणण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. म्हणून दोन साध्या गोष्टी विचारून घ्याव्यात: आपल्याच शहरातील कार्यालयात स्टाफ किंवा त्यावरच्या पदावर कोण कोण आहेत, आणि गेल्या वर्षभरात त्यांच्या डिझाइन डॉक्युमेंटमुळे, म्हणजे प्रणाली कशी बांधावी याच्या लेखी आराखड्यामुळे, कोणता मोठा निर्णय झाला. दुसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर मिळाले नाही, तर ती शिडी त्या कार्यालयापुरती कागदावरचीच समजावी आणि तांत्रिक वाट दुसऱ्या कंपनीत शोधावी.

संध्याकाळ कोणाची

कॅलिफोर्नियातील सहकाऱ्यांबरोबरची आठवड्याची बैठक त्यांच्या सकाळी साडेआठला ठरली, तर उन्हाळ्यात ती आपल्याकडे रात्री नऊला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे मागे जातात आणि तीच बैठक रात्री दहावर सरकते. मार्चच्या मध्यापर्यंत ती तेथेच राहते. जर्मनीतील कंपनीत तेथील दुपारी तीनची बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला भरते. म्हणजे अमेरिकेशी जोडलेल्या मॅनेजरच्या हातून मुलाची झोपण्याची वेळ निसटते, तर युरोपशी जोडलेल्याच्या हातून रात्रीचे जेवण. दोन मॅनेजरांचे पद आणि पगार सारखा असला, तरी ते ज्या कालविभागाशी जोडलेले असतात त्यामुळे त्यांचे घर अगदी वेगळे चालते. नोकरी बदलताना ही बाब मी पगाराच्या खालोखाल महत्त्वाची मानतो.

मॅनेजरच्या दिवसाचा एक मासला पाहू. सकाळी दहाला स्टँडअप म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, मग पाठोपाठ तीन वन-ऑन-वन, म्हणजे एकेका सहकाऱ्याशी स्वतंत्र बोलणे, दुपारी एका उमेदवाराची मुलाखत, चारला दुसऱ्या टीमशी तारखांवरून ओढाताण, आणि मधल्या पंधरा-पंधरा मिनिटांत कोणाच्या सुट्ट्या, कोणाचा लॅपटॉप, कोणाचा राजीनामा. सलग दोन तास कॅलेंडरवर सापडत नाहीत. या दिवसाचा फायदाही आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. बैठक हलवता येते. मुलाच्या शाळेतील पालकसभेसाठी दुपारी दीड तास बाहेर पडणे मॅनेजरला अनेकदा जास्त सोपे जाते, कारण त्याचे काम तुकड्यांचे असते आणि तुकडे इकडेतिकडे बसवता येतात.

तांत्रिक तज्ज्ञाचे उलटे असते. त्याचे चांगले दिवस खरोखर चांगले असतात, कारण सकाळचे तीन तास डिझाइनवर घालवता येतात आणि संध्याकाळी सहाला लॅपटॉप मिटता येतो. पण पैशांचे व्यवहार हाताळणारी सेवा दिवाळीच्या खरेदीच्या आठवड्यात रात्री दीडला कोलमडली, की ऑन-कॉलवर, म्हणजे बिघाड झाल्यास धावून जाण्याच्या पाळीवर, असलेला कनिष्ठ अभियंता शेवटी त्यालाच फोन करतो, कारण त्या प्रणालीचे सगळे दुवे त्याच्याच डोक्यात असतात. घरात तान्हे मूल असेल किंवा आजारी वडील असतील, तर अशी एक रात्र पुढचे दोन दिवस घेऊन जाते. हा भार किती येईल हे प्रणालीवर आणि ऑन-कॉलची पाळी किती जणांत वाटली आहे यावर अवलंबून असते. गूगलने प्रसिद्ध केलेल्या स्वतःच्या पद्धतींमध्ये, एकाच ठिकाणाहून चोवीस तास पाळी सांभाळणाऱ्या टीममध्ये निदान आठ अभियंते असावेत, असे म्हटले आहे. आपल्याकडे हेच काम तीन-चार जणांच्या टीमवर टाकलेले अनेकदा दिसते. तांत्रिक वाट निवडणाऱ्याने हा आकडा पदनामाच्या आधी विचारावा.

नेतृत्व कशाला म्हणायचे

आपल्याकडे एखाद्या लग्नकार्यात भेटलेले काका अजूनही ‘हाताखाली किती माणसे आहेत?’ असे विचारतात, आणि त्या उत्तरावरून मुलाची प्रगती मोजतात. त्यामुळे तांत्रिक वाट म्हणजे नेतृत्वाचा त्याग, असा समज घरात आणि मनातही रुजतो. स्टाफ इंजिनिअरला चार टीमना एकाच दिशेने वळवायचे असते आणि त्यांपैकी कोणाचेही अप्रेझल त्याच्या हातात नसते. लिहिलेला मजकूर, शांतपणे केलेला कोड रिव्ह्यू (दुसऱ्याने लिहिलेल्या कोडची तपासणी) आणि आधीच्या निर्णयांतून कमावलेला विश्वास, एवढ्यावरच त्याला माणसे राजी करावी लागतात. हे नेतृत्वच आहे, आणि अधिकाराविना असल्याने जास्त कठीण आहे. स्टाफ झाल्यावर दिवसभर कोडच लिहिता येईल, ही अपेक्षाही ठेवू नये. वाचणे, लिहिणे आणि समजावणे यांतच निम्म्याहून अधिक वेळ जाऊ शकतो.

मॅनेजरच्या कामाबद्दल गूगलचा अनुभव बोलका आहे. २००२ मध्ये तेथे अभियंत्यांवरचे मॅनेजर काढून टाकण्याचा प्रयोग झाला आणि तो काही महिन्यांतच गुंडाळावा लागला, कारण खर्चाच्या मंजुरीपासून आपसांतील भांडणांपर्यंत सगळे थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्यापर्यंत जाऊ लागले. पुढे २००८ मध्ये चांगला मॅनेजर कशामुळे होतो याचा तेथे अभ्यास सुरू झाला. त्यातून निघालेल्या आठ गुणांमध्ये माणसे घडवण्याची हातोटी पहिल्या क्रमांकावर होती आणि तांत्रिक कौशल्य आठव्या. उत्तम अभियंता असल्यामुळे ज्याला मॅनेजर करतात, त्याला पहिल्याच वर्षी जाणवते ते हेच.

घरावर याचा परिणाम तासांत मोजता येत नाही. रेटिंगच्या आठवड्याचा विचार करा. टीममध्ये पाच जण आहेत, चौघांनी मनापासून काम केले आहे, आणि वरून आलेल्या कोष्टकात सर्वोच्च रेटिंगची जागा एकच आहे. तुम्ही तासभर बाजू मांडता आणि तरी दुसऱ्या दिवशी एका चांगल्या मुलीला समोर बसवून ‘या वर्षी नाही’ असे सांगावे लागते. तिचा उतरलेला चेहरा घेऊन तुम्ही घरी येता. नोकरकपात होणार असेल तर ते तुम्हाला आधी कळते आणि टीमसमोर तोंड मिटून बसावे लागते. कोडमधील दोष रात्री दुरुस्त करून झोपता येते. माणसाविषयीचा निर्णय असा मिटत नाही. ज्यांचा स्वभाव हे ओझे कार्यालयाच्या दारात ठेवून येण्याचा नाही, त्यांनी घरी लहान मुले असताना ही वाट फार जपून घ्यावी. आपण सांगितलेल्या वाटेने दुसरे कोणी मोठे झालेले पाहण्यात ज्यांना खरा आनंद वाटतो, त्यांना मात्र हेच काम बळ देते, आणि तो आनंद घरीही दिसतो.

बाळंतपण, रजा आणि परत येणे

२०१७ च्या सुधारणेनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते, आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. व्यवहारात मात्र कार्यालयातील पाळणाघर हिंजवडीत आणि घर कोथरूडला किंवा हडपसरला असेल, तर तान्ह्या बाळाला त्या वाहतुकीतून रोज न्यायचे कसे, हा प्रश्न उरतोच, आणि बहुतेक जणी घराजवळची ताई किंवा आजीच शोधतात. वडिलांसाठी तर केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवसांची रजा आहे; खासगी क्षेत्रात कायद्याने तेवढीही नाही, सगळे कंपनीच्या मर्जीवर.

परत येण्याच्या बाबतीत दोन्ही वाटा फार वेगळ्या आहेत. सहा महिन्यांनी परतलेल्या स्टाफ इंजिनिअरला बदललेला कोड वाचून घ्यावा लागतो, पण तिचे कौशल्य तिच्याजवळच असते. मॅनेजरची टीम तोवर दुसऱ्याकडे दिलेली असते, आणि ती परत मिळेलच असे कोणी लिहून देत नाही. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार जवळच्या काळात असलेल्या स्त्रीला मी आधी तांत्रिक बढती पदरात पाडून घेण्याचा सल्ला देईन. हा सल्ला स्त्रीलाच द्यावा लागतो, कारण घरातली आणि कार्यालयातली व्यवस्था तशी आहे. नवऱ्यानेही लांब रजा घ्यायला सुरुवात केली, तर हा सल्ला देण्याचे कारणच उरणार नाही.

नोकरी टिकणे आणि मागे फिरणे

मॅनेजरची नोकरी सुरक्षित, हा जुना ठोकताळा आता धरून चालू नये. फेसबुकची मालक कंपनी मेटाने मार्च २०२३ मध्ये व्यवस्थापनाचे थर कमी करण्याचे जाहीर केले आणि अनेक मॅनेजरांना पुन्हा अभियंत्याचे काम घेण्यास सांगितले. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२४ मध्ये मॅनेजरांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे प्रमाण निदान १५ टक्क्यांनी वाढवण्याचे उद्दिष्ट ठरवले. अशा निर्णयांची झळ भारतातील केंद्रांनाही बसते.

मागे फिरण्याचा हिशोब असा आहे: मॅनेजर झाल्यावर दोनेक वर्षांत परत तांत्रिक भूमिकेत येणे सोपे असते, पण पाच वर्षांनी कोडिंगची मुलाखत पुन्हा देणे जड जाते. उलट बाजूने पाहिले तर पहिल्यांदा मॅनेजर होण्याची संधी बाहेरची कंपनी क्वचितच देते. ती जेथे आपल्याला ओळखतात तेथेच मिळते. त्यामुळे ज्याला त्या वाटेचे आकर्षण आहे त्याने चालू नोकरीतच सहा महिने तीन-चार जणांची टीम मागून पाहावी, आणि परत येण्याची मुभा ईमेलवर लिहून घ्यावी. टीमचा आकार लहानच मागावा. पाच माणसांत आपसांतले संबंध १० असतात, दहा माणसांत ४५, आणि त्यांतला प्रत्येक ताण कधी ना कधी मॅनेजरपर्यंत येतो.

दोन्हींना सध्या नकार देऊन सिनियर इंजिनिअर म्हणूनच दोन-तीन वर्षे काढणे, ही तिसरी निवडही तितकीच सन्मानाची आहे. बाळ वर्षाचे नसताना किंवा आईवर उपचार चालू असताना मी तीच निवड सुचवेन, फक्त ती वरिष्ठांना स्पष्ट सांगून आणि मुदत ठरवून करावी, म्हणजे ‘याला पुढे जायचेच नाही’ असा शिक्का बसत नाही.

बोलणी कधी करायची, हेही महत्त्वाचे आहे. एप्रिल ते मार्च असे वर्ष मोजणाऱ्या अनेक कंपन्यांत बढतीची नावे डिसेंबर-जानेवारीतच वर जातात, आणि एकदा यादी गेली की पुढची संधी वर्षभराने येते. कालविभाग, ऑन-कॉलची पाळी, टीमचा आकार आणि परतीची मुभा या चार बाबींवरची चर्चा त्यामुळे दिवाळीपूर्वी करावी, आणि त्याआधी ती जोडीदाराशी कॅलेंडर पुढ्यात घेऊन झालेली असावी.