ट्रेसिंग व्हील: जुना कपडा न उसवता त्याचं पेपर कटिंग (मापाचा कागदी नमुना) काढायचं असेल तर घ्याच

बाबांची एक बंडी आहे, पांढरी, कॉटनची, दोन्ही बाजूंना मोठे खिसे, कलमांच्या बागेत जाताना त्यांना तीच लागते. ज्यांनी शिवलेली ते आता शिवत नाहीत आणि दुसरीकडे दोन शिवून घेतल्या तर एक मुंढ्यात, म्हणजे हात घालायच्या कापात, काचते, दुसरीचा गळा मागे जातो. म्हणून म्हटलं मीच शिवते हिच्यावरून. पण बाबांनी आधीच सांगून ठेवलं, "उसवू नको हां गो ती."

मग एप्रिलमध्ये रत्नागिरीला राम आळीत गेले तेव्हा हे ट्रेसिंग व्हील आणलं, 60 रुपये. लाकडी मूठ आणि पुढे दातेरी चाक, बस एवढंच. खाली खाकी कागद, वर बंडी सपाट पसरून टाचण्या लावायच्या आणि शिलाईवरून चाक दाबून फिरवायचं, दाते कापडातून कागदाला टोचतात, बंडी उचलली की टिंबांची ओळ दिसते, ती पेन्सिलने जोडायची. छाती, लांबी, खांदा टेपने पण मिळतं हो, पण मुंढ्याचा बाक टेपने नाही मिळत आणि बिनबाहीच्या कपड्यात सगळं फिटिंग तिथेच असतं. पुढचा आणि मागचा मुंढा वेगवेगळा काढला तर पुढचा चांगला अर्धा इंच जास्त खोल निघाला! लगेच ती काचणारी बंडी काढून बघितली, तिचे पुढचे-मागचे मुंढे अगदी एकसारखे कापलेले. मला तर इतका आनंद झाला की मी ते दोन्ही कागद एकावर एक ठेवून आईला नेऊन दाखवले.

लादीवर नुसता कागद ठेवून करू नका, टिंब उमटतच नाही. मी सतरंजी घालून बघितली तर कागदच फाटला. शेवटी आंब्याची पुठ्ठ्याची पेटी उलगडून सपाट केली आणि ती खाली घातली, एकदम बरोबर, दाते जेवढे रुतायला हवेत तेवढेच रुततात.

अजून एक, वापरलेला कपडा ताणलेला असतो, गळा आणि मुंढा जास्तच, कारण तिथे कापड तिरकं येतं. बंडीचा डावा मुंढा उजव्यापेक्षा पाव इंच मोठा भरला, मी उजवा धरला. उभा धागा कुठून जातो ते कागदावर बाण काढून लिहून ठेवा. आणि टिंबांची रेघ ही शिलाईची रेघ आहे, कापायची नाही, माया, म्हणजे शिलाईसाठीचं जास्तीचं कापड, बाहेर सोडायची, मी खांद्याला आणि बाजूंना अर्धा इंच सोडली, खाली दुमडायला सव्वा इंच. पहिली बंडी मांजरपाटाची, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाची, शिवून बघा, पण मांजरपाट आधी धुऊन वाळवून मगच बेता, तो भरपूर आटतो.

आता तक्रार. जुलैमध्ये चाक गंजलं. आपल्याकडची हवा खारी, त्यात पाऊस, ते मान्य, पण निदान दाते तरी स्टेनलेस द्यायला हवे होते. मांजरपाटावर तांबूस टिंबांची रेघ उठली ती धुऊनही गेली नाही, बंडीवर उठली असती तर मला रडूच आलं असतं. आता मशीनचं तेल एक थेंब लावून, पुसून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, आणि वापरायच्या आधी रद्दी कागदावर दोनदा फिरवते. सिल्कवर, मलमलवर हे अजिबात चालवू नका, भोकं राहतात, तिथे मी शिलाईतूनच बारीक टाचण्या टोचत जाते, वेळ लागतो पण कापड वाचतं.

पाचपैकी चार स्टार, एक गंजाचा कापला.

बंडी गेल्या आठवड्यात झाली. बाबांनी घातली, दोन्ही हात वर करून बघितले, फांदीला हात घालतात तसे, मुंढ्यात कुठे काचली नाही. खिसे फक्त दोन बोटं खाली हवेत म्हणाले, ते कागदावर बदलून ठेवलेत.