व्हर्ट-व्ह्यूअर वापरून बघा, त्या जुन्या प्लगिनचा नाद सोडा

व्हर्ट-व्ह्यूअर म्हणजे लांबच्या व्हर्च्युअल मशीनची (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणाऱ्या कॉम्प्युटरची) स्क्रीन आपल्या लॅपटॉपवर दाखवणारा प्रोग्राम. सांगलीत एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडं आहे. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही सर्व्हर तळमजल्यावरनं वर हलवला आणि तेव्हाच ठरवलं की रस्ता बंद झाला तरी व्हर्च्युअल मशीनची स्क्रीन घरनं दिसलीच पाहिजे. नेटवर्कवरनं कमांड द्यायला एसएसएच आहेच ओ, पण मशीन सुरू होतानाच ग्रबच्या मेनूवर अडकलं किंवा डिस्क चेक मागत बसलं तर आतलं नेटवर्कच उठत नाही, मग कन्सोलशिवाय, म्हणजे मशीनची स्क्रीन आणि कीबोर्ड लांबनं देणाऱ्या खिडकीशिवाय, इलाज नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की साहेबांचा फोन येतोच, "सर्व्हर बघितलासा काय?"

आधीच्या सॉफ्टवेअरला कन्सोलसाठी ब्राउझरमध्ये प्लगिन, म्हणजे एक जोड-प्रोग्राम, टाकावं लागायचं. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू. प्लगिन इन्स्टॉल झालं म्हणायचं आणि कन्सोल उघडला की कोरी खिडकी, मग मी परमिशन बघितल्या, ३२ बिट ६४ बिट बघितलं, फायरफॉक्सचं प्रोफाइल पुसून नवीन केलं, दोन रात्री गेल्या. दोष माझ्या मशीनमध्ये नव्हताच. असली प्लगिनं एनपीएपीआय नावाच्या जुन्या पद्धतीवर चालायची, ती क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये काढली आणि फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये, ५२ व्या आवृत्तीत, फक्त फ्लॅश तेवढं काही वर्षं ठेवलं. त्यामुळं आज कुणी त्यासाठी जुना फायरफॉक्स शोधत असेल तर हात जोडून सांगतो, नका करू, पतसंस्थेच्या सर्व्हरला सिक्युरिटी अपडेट नसलेल्या ब्राउझरनं लॉगिन करायचं म्हणजे लोकांच्या ठेवींशी खेळ आहे.

आता आम्ही प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) आहे आणि माझ्या लॅपटॉपवर व्हर्ट-व्ह्यूअर. उबुंटूच्या ॲप्ट कमांडनं एका ओळीत बसतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. प्रॉक्समॉक्सच्या वेबपेजवर कन्सोलच्या बटणात स्पाइस (स्क्रीन लांबनं दाखवायची एक पद्धत) निवडलं की एक छोटी डॉट व्हीव्ही फाइल उतरते आणि ती व्हर्ट-व्ह्यूअरबरोबरच येणाऱ्या रिमोट-व्ह्यूअरमध्ये उघडली की मशीनची स्क्रीन समोर. ब्राउझरचा संबंध फाइल उतरवण्यापुरताच.

अडचणी मलाही आल्या, त्या सांगतो. पहिल्यांदा फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर राइट क्लिक करून कायमसाठी रिमोट व्ह्यूअर निवडा. फाइल जपून ठेवू नका, आतला पासवर्ड थोड्याच वेळासाठी असतो, दरवेळी नवीन उतरवायची. स्पाइसचं बटण पुसट दिसत असेल तर मशीनच्या हार्डवेअरमध्ये डिस्प्ले स्पाइस करा आणि मशीन पूर्ण बंद करून चालू करा, आतनं रिस्टार्ट करून चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पोर्टनं, म्हणजे नेटवर्कच्या नंबरवाल्या दारानं. वेबपेज ८००६ वर चालतं, त्यामुळं पेज मस्त दिसतंय, नो-व्हीएनसी (ब्राउझरमध्येच उघडणारा कन्सोल) पण चालतंय आणि स्पाइस तेवढं ग्राफिक सर्व्हरला जोडता येत नाही म्हणतंय. स्पाइसची प्रॉक्सी ३१२८ वर असते आणि आमच्या व्हीपीएनच्या फायरवॉलमध्ये तो पोर्ट बंद होता. उघडला आणि लगेच चालू. टर्मिनलमधनं डीबग लावून रिमोट-व्ह्यूअर चालवा, नेमकं कुठं अडतंय ते ओळीओळीनं दिसतं, मला तिथंच कळलं.

चालायला लागल्यावर मात्र लई भारी आहे. आतल्या मशीनमध्ये स्पाइस-व्हीडीएजंट टाकलं की कॉपी-पेस्ट इकडनं तिकडं होतं, खिडकी ओढली की आतलं रिझोल्यूशन बदलतं, आणि मशीनच्या हार्डवेअरमध्ये स्पाइसचा यूएसबी पोर्ट जोडला की लॅपटॉपचा पेन ड्राइव्ह पण आत देता येतो. माऊस आत अडकला तर कंट्रोल-ऑल्ट-आर.

नो-व्हीएनसीला मी नावं ठेवणार नाही, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलो आणि काहीच इन्स्टॉल करता येत नसेल तर तेच वापरतो, नुसता ब्राउझर पुरतो. पण रोजच्या कामाला व्हर्ट-व्ह्यूअरच. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण एरर मेसेज फारच त्रोटक आहेत, पोर्ट बंद आहे एवढं जरी सरळ लिहिलं असतं तरी माझी एक संध्याकाळ वाचली असती. आमच्यात नवीन लागलेल्या पोरानं परवा विचारलं, "दादा, प्लगिन कुठलं टाकू?" त्याला पहिला हाच टाकायला लावला, दहा मिनिटांत कन्सोलवर होता.