जुनी रेसिंग डिंगी घेताना मी कसा फसलो

शेडचं दार उघडलं, उजेड होडीच्या आतल्या व्हार्निशवर पडला आणि माझा निर्णय तिथेच झाला. पुढचा तासभर मी जे काही तपासलं, ते त्या निर्णयाला आधार शोधण्यासाठी. फसवणारा माणूस फसवणारच होता, पण त्याला लागणारा वेळ मी त्याला आयता दिला. कुणी जुनी, दुरुस्त केलेली लाकडी डिंगी, म्हणजे शिडाची छोटी उघडी होडी, घ्यायच्या विचारात असेल तर हे सविस्तर वाचावं, म्हणून लिहितोय.

मला सांगण्यात आलं ते असं : ही इंटरनॅशनल १४, म्हणजे चौदा फुटी रेसिंग डिंगी. महायुद्धाच्या आधीची, फळ्यांची बांधणी, आराखडा इंग्लंडचे नामांकित होडी-आराखडाकार उफा फॉक्स यांचा. या होड्यांचं वेड ज्यांना आहे त्यांना हे नाव ऐकून काय होतं ते वेगळं सांगायला नको. फॉक्स यांची १९२८ सालची ‘अव्हेंजर’ ५७ शर्यतींत उतरली. ५२ वेळा पहिली, दोनदा दुसरी, तीनदा तिसरी. पुढचा तळ त्यांनी इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता केला आणि मागे तो सपाट होत नेला. त्यामुळे वारा भरला की होडी पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर चढून घसरत सुटायची. डिंगीच्या शर्यती त्यानंतर पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

विकणाऱ्याला हे सगळं तोंडपाठ होतं. त्याने डोलकाठीवरची एक छोटी कडी दाखवली आणि म्हणाला, “ही ट्रॅपीझची. १९३८ ची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच.” मला माहीत होती. पीटर स्कॉट आणि जॉन विंटर यांनी त्या वर्षी ‘थंडर अँड लाइटनिंग’मध्ये ट्रॅपीझ वापरून, म्हणजे तारेला लटकून पूर्ण शरीर होडीबाहेर काढून, या होड्यांची मानाची शर्यत, प्रिन्स ऑफ वेल्स कप, जिंकली. मी ती कडी बोटाने चाचपून पाहिली. अंगावर काटा आला होता, खरंच. पण त्या शर्यतीनंतर लगेच होड्यांच्या या वर्गात ट्रॅपीझवर बंदी आली, हेही मला माहीत होतं. मग युद्धाआधीच्या एखाद्या साध्या होडीवर ही कडी मुळातली कशी असेल? हा प्रश्न त्या क्षणी सुचला नाही. तो सुचला तीन आठवड्यांनी, रात्री अंथरुणावर पडल्यावर.

होडी उलटी करून पाहू का, असं मी एकदा विचारलं होतं. “बाहेरचा रंग ताजा आहे, ओरखडे पडतील,” असं उत्तर मिळालं. बाहेरून जाड पांढरा रंग, आतून मधासारखं व्हार्निश. आत एकाला एक लागून बारीक बरगड्या आणि प्रत्येक बरगडीवर ओळीने तांब्याचे गोल ठिपके. इतकं देखणं काम की हात फिरवत राहावंसं वाटे. “उद्या दुसरे एक जण बघायला येतायत,” हेही ऐकवलं गेलं. मी पैसे एकरकमी दिले.

लाकडी होड्या बांधण्यात ज्यांचा जन्म गेला, असे एक सुतारकाका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना कौतुकाने बोलावलं. त्यांनी व्हार्निशकडे पाहिलंच नाही. सेंटरबोर्ड, म्हणजे तळातल्या फटीतून पाण्यात उतरणारं पातं, वर ओढला, होडी कुशीवर कलती करायला लावली आणि तळातल्या फटीत टॉर्च मारून बोट आत घातलं. नखाने रंग खरवडला. मग मला म्हणाले, “इकडे ये. यात फळी कुठे आहे दाखव.”

फटीची कड उघडी झाली होती. तिथे एकसंध लाकूड नव्हतं. एकावर एक बसलेले पातळ थर होते, प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेने गेलेले, मधे गोंदाची काळपट रेघ. पुस्तकाची पानं कडेने दिसावीत तसे.

याचा अर्थ समजून घ्या, कारण वयाचा सगळा हिशेब इथेच लागतो. फळ्यांच्या होडीत फळीची कड एकसंध दिसते. वाफेवर वाकवलेल्या बरगड्या आतून बसतात आणि तांब्याचा खिळा फळीतून, बरगडीतून आरपार जातो. त्याचं डोकं बाहेर राहतं, टोक आत चकतीवर ठोकून बसवलेलं असतं. पातळ थर साच्यावर चिकटवून, रबरी पिशवीत घालून, ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद टाकीत उष्णता आणि दाब देऊन एकसंध कवच काढायची पद्धत मात्र युद्धकाळातल्या विमानबांधणीतून आली. युद्धानंतर फेअरी मरीन या ब्रिटिश होडीबांधणी कंपनीने ती डिंगीसाठी वापरली. १९४६ ची फायरफ्लाय ही डिंगी अशीच बनली. तिचाही आराखडा उफा फॉक्स यांचाच, आणि १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने आपलं पहिलं सुवर्ण जिंकलं ते तिच्यातच. याच पद्धतीने चौदा फुटी कवचंही निघाली. माझी होडी त्यांतली. आराखडा फॉक्स यांचाच असल्यामुळे वळण ओळखीचं होतं, आणि म्हणून डोळा फसला. खोट्याचा निम्मा भाग खरा होता.

मग त्या बरगड्या? काकांनी पातळ पटाशीने एक ठिपका उचकटला. आरपार खिळा नव्हताच. बोटाच्या पेरापेक्षा आखूड चूक (बारीक खिळा) होती, बरगडीत टोचलेली, कवचापर्यंतही न पोचलेली. बरगडी म्हणजे पातळ पट्टी, एपॉक्सीने चिकटवलेली. अशा कवचाला इतक्या बरगड्या लागतच नाहीत. कुणीतरी बसून, मोजून, शेकडो चुका ओळीत ठोकल्या होत्या. इतकी मेहनत खोट्यासाठी कुणी करेल यावर माझा बराच वेळ विश्वास बसेना.

शीड “मूळचं सुती” म्हणून दिलेलं होतं, जुनाट पिवळं. काठाचा एक धागा काढून काडी लावली. सुताची राख होते. हा धागा वितळला आणि काळा टणक मणी होऊन राहिला. म्हणजे टेरिलीन, कृत्रिम धाग्याचं कापड, रंगवून जुनं केलेलं. शीड बदललेलं असणं हा दोष नाही, शिडं झिजतात आणि बदलावीच लागतात. मूळचं म्हणून गळ्यात मारणं हा दोष.

सगळ्यात जास्त लागलं ते नंबराचं. मागच्या आडव्या फळीच्या आतल्या बाजूला तीन आकडे कोरलेले होते, शिडावर तेच, आणि मोजमापाच्या दाखल्याची जी फोटोप्रत मिळाली होती तीवरही तेच. तिन्ही जुळतात म्हणून मी खूश झालो होतो. पण कोरलेले आकडे ज्या लाकडावर होते तो तुकडाच वेगळा निघाला, वरून बसवलेला. तो काढला तर खाली आधीचे आकडे रंध्याने उडवलेले. तिरका उजेड टाकला की पहिले दोन वाचता येतात. तिसरा गेला. जुन्या नोंदी सांभाळणाऱ्यांना पत्र लिहिलं, तेव्हा कळलं की माझ्या दाखल्यावरचा नंबर दुसऱ्याच होडीचा आहे. हे पत्र पैसे देण्याआधी लिहिता आलं असतं. मूळ दाखला मागायचा, फोटोप्रतीवर भागवायचं नाही, आणि नंबर लाकडाच्या अंगातच कोरलाय की चिकटवलेल्या तुकड्यावर, हे नख फिरवून बघायचं.

विकणाऱ्याला फोन केला. “मलाही तसंच सांगून विकली होती,” एवढंच म्हणाला आणि पावती बघायला सांगितलं. पावतीवर लिहिलं होतं : जुनी लाकडी होडी, आहे त्या स्थितीत. साल नाही, वर्ग नाही, आराखडा कुणाचा ते नाही, नंबरसुद्धा नाही. तोंडाने सांगितलेल्यातलं एकही अक्षर कागदावर आलं नव्हतं. वकिलांनी तो कागद पाहून परत दिला. जे तोंडाने सांगितलं जातं ते सहीनिशी लिहून मागा. लिहायला नकार मिळाला तर तेवढ्यावरूनच कळतं.

मला राग पैशांचा आहेच. पण होडीचं जे केलं त्याचा जास्त आहे. युद्धानंतरचं, साच्यात भाजून काढलेलं कवच ही लपवायची गोष्ट नाही. आपल्या खऱ्या नावानेही ती तितकीच बघण्यासारखी होती. तिचा नंबर रंध्याने उडवून, तिला दुसरीचं नाव देऊन उभं केलं गेलं.

बरगड्या मी काढायला घेतल्या आहेत. हीट गन धरायची, एपॉक्सी सैल झाली की पटाशी सरकवायची, दिवसाला चार-पाच निघतात. जिथे निघाल्या तिथे आतलं अंग वाडग्यासारखं गुळगुळीत आहे, एक सांधा नाही. तिसऱ्या आकड्यासाठी पहिले दोन जुळणाऱ्या दहाही होड्यांची माहिती मागवली आहे. सहांचा ठावठिकाणा लागला. चार राहिल्यात.