मामांचे टर्नटेबल अखेर सुरात आले: गावभागातील एका दुरुस्तीच्या दुकानाविषयी

सांगलीच्या गावभागात एका बोळाच्या टोकाला जुनी ध्वनियंत्रे दुरुस्त करणारे छोटे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. ‘रेडिओवाले काका’ कुठे बसतात असे विचारले की कोणीही बोट दाखवते. आत गेल्यावर प्रथम नजरेत भरते ते हे, की मांडणीचे खालचे दोन खण पूर्ण रिकामे आहेत. २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिलेल्या माणसाची ती मांडणी आहे, आणि अशा माणसाच्या हाती आपली वस्तू देताना मन निर्धास्त होते.

माझ्याकडे होता तो मामांचा संच. नोकरीनिमित्त सौदी अरेबियातील दम्माम येथे असताना त्यांनी १९८२ साली पायोनिअरचे बेल्टवर चालणारे टर्नटेबल (तबकड्या वाजवायचे यंत्र), सान्सुईचा ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर घेतले, मोठ्या हौसेने सांगलीला आणले, आणि चार-दोन वेळा वाजवून ‘आवाज जड येतो’ म्हणून चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवून दिले. माळ्यावर होते म्हणूनच ते पुरातून वाचले. मागच्या वर्षी मी ते खाली काढले आणि आधी दुसऱ्या एका कारागिराकडे नेले. त्यांनी बेल्ट बदलला, पैसे घेतले आणि जुन्या मशीनचा आवाज असाच भारदस्त असतो, असे सांगितले. जुन्या यंत्रांच्या ‘उबदार’ आवाजाबद्दल इतके ऐकलेले होते की मीही काही दिवस ते खरे मानले. मग एकदा पेटी घेऊन बसल्यावर कळले की फोनवर काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात, लागणारे तेच गाणे तबकडीवर पांढरी पाचच्याही किंचित खाली उतरते आहे. गायिकेचा आवाज भारदस्त झालेला नव्हता, तो पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली घसरला होता.

काकांनी यंत्र उघडलेदेखील नाही. त्यांनी तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीवर एक कागदी चकती ठेवली. तिच्या कडेला १८० काळ्या रेषा असतात. खोलीतला दिवा मालवून त्यांनी चकतीजवळ एक छोटा निऑन दिवा धरला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची; प्रत्येक आवर्तनात दोनदा याप्रमाणे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि थाळी मिनिटाला बरोबर ३३ १/३ फेरे घेत असेल तर त्या रेषा जागच्या जागी थबकलेल्या दिसतात. आमच्या चकतीवरच्या रेषा भराभर मागे धावत होत्या. ते पाहून काकांनी एवढेच विचारले, “हे सौदीकडून आलंय का हो?”

कारण साधे होते. या टर्नटेबलची मोटर विजेच्या वारंवारितेशी बांधलेली असते. दम्मामची वीज ६० हर्ट्झची, तिथे मोटर अधिक वेगाने फिरते, म्हणून मोटरच्या दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी कप्पी तिथल्या मापाची, लहान होती. मामांनी ॲम्प्लिफायरच्या मागची व्होल्टेजची खुंटी आठवणीने फिरवली होती, परंतु कप्पीचा विचार त्यांच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. परिणामी सांगलीत ही थाळी मिनिटाला २८ फेरेही पुरते घेत नव्हती. काकांनी कुपवाड एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवर नवी पितळी कप्पी कातून घेतली, व्यास जुनीच्या सहा-पंचमांश, मधोमध किंचित फुगीर, म्हणजे बेल्ट घसरत नाही. पहिल्या चाचणीत रेषा अगदी सावकाश पुढे सरकल्या. तेव्हा बारीक पॉलिश पेपरने कप्पी घासत, पुन्हा बसवत, पुन्हा दिवा धरत त्यांनी त्या थांबवल्या. हे काम मी शेजारी बसून पाहिले. त्याला सव्वा तास लागला.

ॲम्प्लिफायरमधील सुकलेले कपॅसिटर बदलले गेले, आवाजाच्या खटक्यातली खरखर गेली, स्पीकरच्या कोनाभोवतीची भुगा झालेली फोमची कड नवी लागली. काढलेले सर्व भाग पिशवीत घालून परत मिळाले. सुईचा भार सराफाकडे असतो तशा छोट्या काट्यावर मोजून २ ग्रॅमवर आणला. भार कमी ठेवला की तबकडी कमी झिजेल, हा माझा समज त्यांनी खोडून काढला: हलकी सुई खाचेत उसळते आणि खाचेच्या भिंतींना इजा करते.

घरी आणून पहिली लावली ती ख्यालाची तबकडी. मिरजेच्या इतक्या जवळ राहून तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो भरीव झंकार, कशी बोलते हे आम्हाला सांगावे लागत नाही, तरी फोनवर ऐकताना तो तानपुरा गाण्याच्या मागची एक सपाट गुणगुण होऊन गेलेला असतो. इथे प्रत्येक तार वेगळी छेडलेली कळत होती, खर्जाची तार सुटल्यावर तिच्यातून वर उमलत जाणारे स्वर मोजता येत होते, आणि गायकाने आलापात श्वास घेतला की ती जागा तानपुरा भरून काढत होता. वीस-बावीस मिनिटांनी बाजू संपेपर्यंत खोलीतले कोणी उठले नाही. हा आनंद जुनेपणाचा नाही. यंत्र पहिल्यापासूनच इतके चांगले होते, ते आमच्याकडे कधी योग्य गतीने फिरलेच नव्हते.

तक्रारीही नोंदवतो. तीन आठवडे सांगितलेल्या कामाला सात आठवडे लागले, दुपारी फोन उचलला जात नाही आणि लेखी बिल मिळत नाही. एकूण ९,४०० रुपये झाले. कप्पीसह एवढे काम पाहता ते मला रास्त वाटतात. उजव्या स्पीकरचा खर्ज डाव्यापेक्षा अजून थोडा कोरडा आहे. कड रुळली की तो सुटेल, असे काका म्हणतात; तीन महिन्यांत थोडा फरक पडला आहे, पुरता नाही.

कोणाला जायचे असल्यास संध्याकाळी पाचनंतर जावे. टर्नटेबल नेताना थाळी काढून वेगळी गुंडाळावी, सुईची दांडी दोऱ्याने बांधावी आणि सुईवर टोपण घालावे. एवढे न करता आणलेले यंत्र काका दारातूनच परत पाठवतात. यंत्र परदेशातून आलेले असेल तर कोणत्या देशातून, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून घ्यावे.