वाळूसाठीचा रिकव्हरी किट: हवेचं सामान ठेवा, दोर आणि खोरं बदला

मराठवाड्याला समुद्र नाही, पण गाडी रुतवायला दापोली-गुहागरपर्यंत जायची गरज कुणाला पडलीय? पैठणपासून नांदेडपर्यंत गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठी, वाळू आहेच. थार, व्ही-क्रॉस किंवा हायलक्स घेतली की पुढच्या महिन्यात हमखास ऑनलाइन मागवला जाणारा, रुतलेली गाडी बाहेर काढायचा सहा वस्तूंचा तयार किट इथे तपासला आहे: १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, हवा सोडायचा डिफ्लेटर, रुतलेल्या चाकाखाली सारायच्या प्लास्टिकच्या दोन पाट्या, दोर, तो गाडीला अडकवायच्या दोन लोखंडी कड्या म्हणजे शॅकल आणि घडीचं खोरं. एकाच कारखान्याचा माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, त्यामुळे डब्यावरच्या नावापेक्षा आतला माल बघा.

किटची खरी किंमत कॉम्प्रेसरमध्ये आहे. वाळूत गाडी रुतते त्याला दहापैकी आठ वेळा जास्तीची हवा कारणीभूत असते, इंजिनाची ताकद नाही. रस्त्यावरची ३२ पीएसआय हवा पुळणीवर किंवा नदीच्या कोरड्या वाळूत उतरण्याआधीच १८ वर आणायची. भुसभुशीत लागली तर १५. रुतल्यावर शेवटचा उपाय म्हणून १२, पण मग वेग चालण्याएवढा आणि स्टिअरिंग झटक्यात वळवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. हवा कमी केल्यावर टायर पसरून रुंद होतो असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात जमिनीला टेकलेला भाग लांबीला जास्त वाढतो, आणि त्यामुळेच चाक वाळू खणायच्या ऐवजी तिच्यावरून जातं.

हवा सोडणं सोपं, परत भरणं कठीण. थारच्या २५५/६५ आर १८ टायरमध्ये साधारण ७० लिटर जागा असते. १५ वरून ३२ वर न्यायला प्रत्येक टायरमागे सुमारे ८० लिटर हवा लागते, म्हणजे चारांना ३२० लिटर. किटमधल्या कॉम्प्रेसरवर मिनिटाला ७० लिटर लिहिलंय, पण तो आकडा नळी मोकळी असतानाचा. समोर टायरचा दाब आला की तो निम्म्यावर येतो असं धरून चाला. तरी टायरमागे अडीच-तीन मिनिटं आणि नळी बदलण्यासकट पाव तासात काम उरकतं. लायटरच्या सॉकेटला लावायचे छोटे पंप इथेच मार खातात: एका टायरलाच पाच-सहा मिनिटं, दुसऱ्याला हात लावेपर्यंत पंप तापून बंद. या किटचा कॉम्प्रेसर ३० अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून चिमटे थेट बॅटरीला लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं. सॉकेटला जोडलात तर गाडीचा फ्यूज जाणार.

मे महिन्यात ४२ अंशांत मात्र याचीही परीक्षा होते. दोन टायर झाले की दहा मिनिटं विश्रांती द्या. कॉम्प्रेसर वाळूवर ठेवू नका, गोणपाटावर ठेवा. हवा ओढायची जाळी खालच्या बाजूला आहे आणि वाळू आत गेली की पिस्टन खरवडला जातो. नळी साडेसात मीटरची आहे, हायलक्सच्या मागच्या चाकापर्यंत आरामात पोचते.

डिफ्लेटर व्हॉल्व्हचा गाभाच बाहेर काढणारा आहे. काम झटपट होतं, १५ वर यायला मिनिटभर पुरे. धोका एकच: गाभा वाळूत पडला की सापडत नाही. पंक्चरवाल्याकडून चार-पाच जास्तीचे घेऊन किटच्या पिशवीत टाका. वरचं मीटर दुसऱ्या मीटरशी एकदा पडताळून घ्या. दोनाचा फरक ३२ वर चालतो, १२ वर चालत नाही.

आता आपल्याकडची खास भानगड. गोदावरीच्या काठाला आणि नाथसागराचं पाणी ओसरलेल्या गाळपेऱ्याच्या जमिनीत वर वाळू किंवा सुकलेली पापडी दिसते, खाली ओली काळी माती असते. पापडी फुटली की काळी माती टायरच्या नक्षीत भरून बसते आणि चाक गुळगुळीत होतं. तिथे हवा कितीही कमी करा, फायदा थोडाच. पायी जाऊन टाच रोवून बघा. टाचेखाली काळं पाणी आलं तर गाडी उतरवू नका. पक्षी अभयारण्याच्या हद्दीत तर प्रश्नच नाही. आणि नदीपात्रात संध्याकाळनंतर गाडी दिसली की महसूलचं पथक आधी वाळूचोर समजतं, मग ओळख विचारतं.

दोराने निराशा केली. जाहिरातीत ‘कायनेटिक’ लिहिलंय, हातात येतो पॉलिएस्टरचा पट्टा. कायनेटिक दोर नायलॉनचा असतो, ताणला की ३० टक्क्यांपर्यंत लांबतो आणि रुतलेली गाडी धक्का न देता ओढून काढतो. पॉलिएस्टर जवळपास ताणतच नाही. धावत्या गाडीने झटका दिला की सगळा जोर हुकावर आणि चासीवर येतो. हा पट्टा बंद पडलेली गाडी हळू ओढून नेण्यापुरता ठेवा. शॅकल चांगले आहेत, १९ मिलिमीटरचे, अंगावर ४.७५ टन कोरलेलं. पिन पूर्ण आवळून पाव आटा मागे घ्या, नाहीतर ताण आल्यावर उघडत नाही. ट्रॉलीच्या गोळ्याला दोर अडकवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा काचेतून आत येतो.

पाट्या ठीक. चाकापुढची आणि पोटाखालची वाळू काढून पाटी उतरती करून टायरखाली सारा, फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर), दुसरा गिअर, हलका एक्सलरेटर. चाक जागच्या जागी फिरलं की पाटीचे दात वितळतात, दोष पाटीचा नाही. पाट्या नसतील तर तुराट्या किंवा पऱ्हाट्या टाकायचा मोह होतो. टाळा. हवा कमी असताना टायरची बाजू फुगलेली असते आणि विळ्याने तिरपं कापलेलं टोक तिच्यात सरळ घुसतं. गोणपाट किंवा उसाचं पाचट बरं.

घडीचं खोरं खेळणं आहे, सांध्यात वाकतं. बाजारातलं लांब दांड्याचं खोरं घ्या. जॅकखाली ठेवायला १८ मिलिमीटर प्लायचा फूटभर चौकोनी तुकडाही न्या, किटमध्ये तो नाही.

वाळूत शक्यतो ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्या, कारण ब्रेकने चाकापुढे ढीग होतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर ऐन वेळी तो ताकद कापतो.

कोकणात नेणार असाल तर आधी गावात विचारा. बऱ्याच पुळणींवर गाड्यांना बंदी आहे, आणि वेळासला तर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत असतात. जिथे परवानगी आहे तिथे ओहोटीच्या आसपासच, ओल्या कडक वाळूवर चालवा. ओहोटी ते भरती सहा तास काही मिनिटं, पण ओल्या वाळूवर रुतलात तर पाणी त्याच्या बरंच आधी गाडीपर्यंत पोचतं. परतल्यावर खालून गोड्या पाण्याने धुताना दोरही बादलीत बुडवून खळबळून काढा आणि सावलीत वाळवा, आत राहिलेले वाळूचे कण ताण आल्यावर धागे कापतात.