रिठा, लिंबूसत्त्व आणि सालींचं एन्झाइम: आठ महिने वापरल्यावर

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या बोटांची सालं निघायला लागली, तिथून हे सुरू झालं. आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो, सोसायटीला अर्धं वर्ष टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी. नळांवर, फरश्यांवर पांढरे थर बसतात आणि ते काढायला आम्ही दुकानातलं ॲसिड आणायचो. हातमोजे आणून दिले, तर मावशी म्हणाल्या, "ताई, त्यात हात उकडतात, पकड येत नाही." मग गेल्या नोव्हेंबरात ॲसिडच बंद केलं. आता जुलै चालू आहे.

सर्वात जास्त उपयोग झाला तो लिंबूसत्त्वाचा, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या सायट्रिक ॲसिडचा. तो पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आंबट पदार्थात विरघळतो, त्यासाठी जहाल ॲसिडच लागतं असं नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालते. शॉवरच्या जाळीला त्या पाण्याची पिशवी अर्धा तास बांधून ठेवली की बंद पडलेली भोकं मोकळी होतात. कमोडमधला पिवळा थर मात्र चिवट निघाला. आतलं पाणी उपसून, चार चमचे लिंबूसत्त्व गरम पाण्यात कालवून रात्रभर ठेवलं, असं तीन रात्री केलं तेव्हा गेला. ॲसिडने हेच काम दहा मिनिटांत व्हायचं, हे खरं आहे. घाई असेल तर हा मार्ग नको.

सालींचं एन्झाइम, म्हणजे फळांची सालं गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं सफाईचं आंबट पाणी, तयार व्हायला तीन महिने लागतात. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्री-मोसंबीची सालं, दहा भाग पाणी. मी १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम सालं आणि एक लिटर पाणी दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरते. काचेची बाटली घेऊ नका, आत वायू धरतो. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून तो सोडावा लागतो. डिसेंबरात चार दिवस गावाला गेले आणि नेमकं तेच राहिलं. परत येऊन झाकण उघडलं तर अर्धी बाटली छतावर. सालं हिवाळ्यात भरपूर मिळतात, कोपऱ्यावरचा रसवाला आनंदाने देतो, फक्त त्याच दिवशीची घ्यावीत. एकदा शिळी घेतली आणि अख्खी बाटली कुजक्या वासाची झाली, ओतून द्यावी लागली.

फेब्रुवारीपासून लादी याच्यावरच पुसतो. बादलीला दोन-तीन झाकणं पुरतात. सुरुवातीला मी कपभर घालायचे, तेव्हा लादी चिकट व्हायची आणि मुंग्या यायच्या. सिंकच्या जाळीचा वास घालवायला हे फार चांगलं: रात्री अर्धी वाटी ओतून ठेवायचं.

एक नुकसान माझ्या हातून झालं, ते इतर कुणाच्या घरी होऊ नये. माहेरी सांगलीला ओटा कडप्प्याचा आहे. मी हौसेने तिथे एन्झाइम शिंपडलं आणि दहा मिनिटांनी पुसलं, तर काळ्या दगडावर पांढरट डाग. आईने तो ओटा तीस वर्षं जपला होता. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे तिन्ही चुन्याच्या जातीचे दगड, आंबट लागलं की खरवडले जातात. ते डाग पॉलिश केल्याशिवाय जाणार नाहीत. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर मला काही त्रास झाला नाही.

रिठ्याबद्दल माझं मत थोडं बदललं आहे. पंधरा-वीस रिठे बिया काढून रात्रभर भिजवायचे, वीस मिनिटं उकळून, कुस्करून गाळायचे. रोजच्या ताटवाट्यांना, फ्रीजच्या कप्प्यांना छान. पण तुपाची कढई, मटणाचं पातेलं त्याने निघत नाही. त्यासाठी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवते (खायचा सोडा इथे कमी पडतो). ॲल्युमिनियमला मात्र हा सोडा लावू नका, काळं पडतं. रिठ्याचं पाणी आठवडाभर फ्रीजमध्ये टिकतं. डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं, म्हणून लहान मुलांपासून दूर ठेवा.

तांब्या-पितळेला सासूबाईंची चिंच आणि मीठ, त्यावर दुसरं काही शोधायला गेलेच नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचे व्हिडिओ मीही पाहून करून बघितले. फसफसताना वाटतं की मळ निघतोय, पण आंबट आणि खारं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास साधं पाणी. वेगवेगळे वापरा. आणि हे जीव तोडून सांगते: व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा एन्झाइम ब्लीचिंग पावडरीजवळ नेऊ नका, क्लोरीन वायू निघतो आणि तो श्वासावर येतो. मे महिन्यात धाकट्याला जुलाब-उलट्या झाल्या तेव्हा मी संडास ब्लीचनेच धुतला, आधी भरपूर पाणी टाकून. एन्झाइम मळ काढतं, रोगजंतू मारण्याची खात्री देत नाही.

मावशींचे हात साधारण दोन महिन्यांत भरून आले. आता त्या स्वतःच्या घरीही एक बाटली लावतात. आळंदीला जाताना इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना दिसतो. त्यात कारखान्यांचं पाणी आहे, शहराचं सांडपाणी आहे, आमच्या मोरीतलंही होतं. दर महिन्याला फिनाइलची आणि ॲसिडची एकेक बाटली त्यात जायची, ती आता जात नाही.

या रविवारी भरलेल्या तीन बाटल्यांवर तारीख घातली आहे. नवरात्राआधी घर काढायला घेऊ, तेव्हा तयार असतील.